राखीव जागा : टक्केवारीपासून नोंदवहीपर्यंत



शिक्षणातील व शासकीय सेवेतील राखीव जागांचा विषय निघाला की चर्चेचा रोख बहुधा टक्केवारीकडे वळतो. कोणत्या समाजाला किती टक्के, एकूण मर्यादा पन्नासची असावी की अधिक, कोणाचा समावेश व्हावा आणि कोणाला वगळावे, याच मुद्द्यांवर सभा गाजतात, मोर्चे निघतात आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे युक्तिवाद चालतात. हे मुद्दे गौण आहेत असे मुळीच नाही. परंतु टक्केवारी ठरली म्हणजे हक्क पोचला, असे मानण्याची जी सवय जडली आहे, ती घातक आहे. टक्केवारी विधिमंडळात आणि मंत्रालयात ठरते. हक्क पोचतो किंवा अडतो तो शाळेच्या जनरल रजिस्टरात, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत आणि कार्यालयाच्या बिंदुनामावलीत. या तिन्ही ठिकाणी लेखणी ज्यांच्या हाती असते, त्या शिक्षकांनी, पंचायतीच्या सदस्यांनी व अधिकारीवर्गाने या प्रश्नाकडे या बाजूनेही पाहणे अगत्याचे आहे.

करवीरचा आदेश

राखीव जागांची कल्पना स्वातंत्र्यानंतर जन्मास आली, असा समज अनेकांच्या मनात असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. करवीर संस्थानचे अधिपती राजर्षी शाहू छत्रपती यांचा या संबंधीचा आदेश २६ जुलै १९०२ रोजी निघाला. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभानिमित्त विलायतेच्या प्रवासात होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेल्या सर्वांना त्या आदेशात मागासलेले वर्ग मानले होते, आणि यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा या वर्गांतील उमेदवारांतून भराव्यात, असे फर्माविले होते. ज्या कार्यालयात त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढील नेमणूक त्यांच्यातूनच करावयाची होती.

त्याच आदेशात आणखी एक तरतूद होती, जिचा उल्लेख क्वचितच होतो. आदेशानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस सादर करावे, असे त्यात म्हटले होते. महाराजांना आपल्या कारभाराची पुरती ओळख होती. नुसता आदेश काढला तर तो दप्तरात पडून राहील. किती जागा रिकाम्या झाल्या आणि त्यांवर कोणाची नेमणूक झाली हे दर तीन महिन्यांनी लेखी सांगावे लागले, तरच तो पाळला जाईल, हे त्यांनी जाणले होते. महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे. १९१२ पर्यंत पदांची संख्या ९५ झाली आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ राहिले. म्हणजे इतर समाजांतील अधिकाऱ्यांची संख्या ११ वरून ६० वर गेली.

या बदलामागे केवळ नोकरीतील जागा नव्हत्या. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहत होती. १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले. त्याआधी १८८२ मध्येच महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून, सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, ही तक्रार मांडली होती. शाळा, वसतिगृह, नोकरी आणि नोकरीचे पत्रक अशी ही साखळी होती. तिची एक कडी निखळली तर उरलेल्या कड्या निरुपयोगी ठरतात.

संविधानाची भूमिका

भारतीय संविधानाच्या कलम १६ मध्ये शासकीय सेवेत समान संधीची हमी दिली आहे, आणि त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमाने, सेवांमध्ये पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागास वर्गांसाठी पदे राखून ठेवण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दोन गोष्टींचा मेळ घालण्याची आवश्यकता सांगितली. प्रशासन ऐतिहासिक कारणांनी काही थोड्या समाजांच्या हाती राहिले असल्याने इतरांना त्यात वाट मिळाली पाहिजे. मात्र समान संधीचे मूळ तत्त्वच नष्ट होऊ नये, म्हणून राखीव जागा एकूण जागांच्या निम्म्याहून कमी असाव्यात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. आज ज्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर एवढा वाद होतो, तिचे बीज या भाषणात आढळते.

शिक्षणसंस्थांतील प्रवेशाचा प्रश्न १९५१ मध्ये पुढे आला. मद्रास राज्यातील जातवार प्रवेशाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये चौथे उपकलम घालण्यात आले. शिक्षणातील राखीव जागांना त्यामुळे घटनात्मक आधार मिळाला.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे इष्ट ठरेल. राखीव जागा दहा वर्षांसाठीच होत्या आणि पुढे त्या वाढवीत नेण्यात आल्या, असे नेहमी सांगितले जाते. दहा वर्षांची ती मुदत कलम ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा व विधानसभा यांतील राखीव मतदारसंघांपुरती आहे. २०१९ च्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत वाढविण्यात आली. शिक्षण व नोकरी यांसंबंधीच्या कलम १५ व १६ मध्ये अशी कोणतीही मुदत घातलेली नाही. त्या राखीव जागा किती काळ असाव्यात यावर मतभेद असू शकतात, पण चर्चा निदान योग्य कलमाला धरून व्हावी.

वादाचे मुख्य मुद्दे

पहिला आक्षेप गुणवत्तेचा. कमी गुण असलेल्याला प्रवेश मिळाल्याने दर्जा घसरतो, असे म्हटले जाते. या आक्षेपाचा विचार करताना प्रवेशाची पायरी आणि पदवीची पायरी यांत भेद केला पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला अंतिम परीक्षा इतरांचीच द्यावी लागते आणि उत्तीर्णतेची अट सर्वांना सारखीच असते. शिवाय प्रवेशपरीक्षेतील गुणांत घरातील पुस्तके, शिकवणीचा खर्च, अभ्यासाची जागा आणि आईवडिलांचे शिक्षण यांचाही वाटा असतो. स्पर्धापरीक्षेतील गुण म्हणजेच संपूर्ण गुणवत्ता नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशासंबंधीच्या निर्णयात स्पष्ट केले आहे. त्याच वेळी कलम ३३५ ने प्रशासनाच्या कार्यक्षमतेचे भान राखण्यास सांगितले आहे, हेही विसरता येत नाही. दुबळ्या पायावर आलेल्या विद्यार्थ्याला प्रवेशानंतर मार्गदर्शन न देता वाऱ्यावर सोडणे हे या दोन्ही तत्त्वांशी विसंगत आहे.

दुसरा मुद्दा आर्थिक निकषाचा. उच्च मानल्या गेलेल्या जातीतील गरीब शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या मुलाने काय करावे, हा प्रश्न खरा आहे आणि तो हेटाळणीने उडवून लावण्यासारखा नाही. मंडल आयोगाने डिसेंबर १९८० मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यातील २७ टक्क्यांच्या शिफारशीची अंमलबजावणी ऑगस्ट १९९० मध्ये घोषित झाली, तेव्हा देशभर तीव्र आंदोलन झाले आणि काही तरुणांनी आत्मदहनाचा मार्ग पत्करला. पुढे केंद्राने १९९१ मध्ये केवळ आर्थिक निकषावर १० टक्के जागा ठेवल्या. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने २७ टक्के जागा वैध ठरविल्या, आर्थिक निकषावरील १० टक्के अवैध ठरविल्या, पन्नास टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि इतर मागासवर्गांतील उन्नत व प्रगत गट वगळण्यास फर्माविले. या गटाची उत्पन्नमर्यादा १९९३ मध्ये १ लाख रुपये होती; २०१७ मध्ये ती ८ लाख रुपये करण्यात आली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीचे १० टक्के आरक्षण २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरले. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांतील गरिबांना या तरतुदीतून वगळणे अल्पमतातील दोन न्यायमूर्तींना मान्य झाले नाही. वादाच्या दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत, याचे हे द्योतक होय.

तिसरा मुद्दा समावेशाचा. महाराष्ट्रात २००४ पासून अमलात असलेल्या आरक्षण कायद्यानुसार अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्या चार गटांना मिळून ११, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गाला १९ असे ५२ टक्के होतात. मराठा समाजासाठी २०१८ मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा कायदा संमत केला आणि त्यालाही न्यायालयात आव्हान देण्यात आले. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करण्याचा राज्यांचा अधिकार सहा विरुद्ध एक मतांनी मान्य केला.

या सर्व निर्णयांत एक समान धागा आढळतो. न्यायालये आता आकडेवारी मागतात. कोणता वर्ग मागास आहे, सेवेत त्याचे प्रतिनिधित्व किती आहे, लाभ कोणापर्यंत पोचला आणि कोणापर्यंत नाही, याचा लेखी आधार असल्याशिवाय टक्केवारी टिकत नाही. पंचायत सदस्यांना याचा अनुभव आहेच. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गाच्या जागांसाठी आयोगामार्फत माहिती गोळा करण्याची अट घातली, आणि ती पूर्ण होईपर्यंत या जागांचा प्रश्न लोंबकळत राहिला. १९३१ नंतर सर्व जातींचे देशव्यापी आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. मंडल आयोगालाही त्याच जुन्या आकड्यांचा आधार घ्यावा लागला. पुढील जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. ती नोंद घरोघर जाऊन घेणारे प्रगणक बहुधा शिक्षकच असतात.

बिंदुनामावलीचे गणित

टक्केवारी कायद्यात असते, तर जागा प्रत्यक्ष ठरतात बिंदुनामावलीत. संवर्गातील प्रत्येक पदाला क्रमांक देऊन कोणता क्रमांक कोणत्या प्रवर्गाचा, हे त्या नोंदवहीत लिहिलेले असते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. के. सभरवाल खटल्यात स्पष्ट केले की, राखीव जागांचा हिशेब रिकाम्या होणाऱ्या जागांवर न करता संवर्गातील एकूण पदांवर करावा. ज्या प्रवर्गाचे पद रिकामे होईल, ते त्याच प्रवर्गातून भरले जावे. मागासवर्गीय उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेवर निवडला गेला, तर त्याची गणना राखीव जागेत करावयाची नाही, हेही तत्त्व रूढ आहे. नोंदवही लिहिणाऱ्याने अशा उमेदवाराला चुकीच्या रकान्यात टाकले, तर एक राखीव जागा कोणताही आदेश न निघता नाहीशी होते.

हिशेबाचे एकक बदलल्याने काय घडते, याचे उदाहरण विद्यापीठांनी दाखविले. केंद्रीय प्रमाणानुसार इतर मागासवर्गाला २७, अनुसूचित जातींना १५ आणि अनुसूचित जमातींना ७.५ टक्के जागा असतात. पदांचा क्रम लावला असता इतर मागासवर्गाचे पहिले पद चौथ्या क्रमांकावर, अनुसूचित जातीचे सातव्या आणि अनुसूचित जमातीचे चौदाव्या क्रमांकावर येते. संपूर्ण विद्यापीठ एक एकक धरले तर हे सर्व क्रमांक येतात. प्रत्येक विभाग वेगळा धरला, तर तीन अध्यापकांच्या विभागात एकही राखीव पद येत नाही, आणि तेरा अध्यापकांच्या विभागातही अनुसूचित जमातीचे पद येत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयाने विभाग हे एकक ठरले आणि राखीव पदांची संख्या एकदम खाली येण्याची चिन्हे दिसू लागली. अखेर संसदेने २०१९ मध्ये कायदा करून केंद्रीय शिक्षणसंस्थांपुरते संस्था हेच एकक निश्चित केले. या सर्व काळात टक्केवारीत कणभरही बदल झाला नव्हता.

अनुशेषाचे दुखणेही याच प्रकारचे आहे. योग्य उमेदवार मिळाला नाही, असा शेरा मारून जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, म्हणून २००० च्या ८१ व्या घटनादुरुस्तीने अशा शिल्लक जागा त्या वर्षीच्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेत न धरता स्वतंत्रपणे भरण्याची मुभा दिली. आपल्या राज्यात विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते. ही तपासणी वेळेवर झाली नाही, तर भरतीची मागणीच पुढे जात नाही. उमेदवार मात्र वयोमर्यादा ओलांडून जातो, आणि त्याचे गेलेले वर्ष कोणत्याही अनुशेषात धरले जात नाही.

दाखल्याची वाट

ज्या उमेदवारासाठी जागा राखलेली आहे, त्याला आपली जात सिद्ध करावी लागते. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या जातात, ही गोष्ट महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली, आणि माधुरी पाटील खटल्यातील निर्णयाने पडताळणी समित्या व दक्षता पथके यांची पद्धत घालून दिली. राज्याच्या कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. खोट्या दाखल्यावर मिळविलेल्या नोकरीला दीर्घ सेवेच्या कारणाने संरक्षण देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये दिला. हा कडकपणा आवश्यक आहे, कारण एक खोटा दाखला एका खऱ्या हक्कदाराची जागा घेतो.

परंतु पुरावा म्हणजे शेवटी जुनी नोंद. मानीव दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. आजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूची नोंद, वडिलांकडील रक्तनात्यातील व्यक्तीचे वैधता प्रमाणपत्र, यांवर मुलाचे भवितव्य अवलंबून असते. ज्यांच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही, त्यांनी कोणता दाखला आणावा? विमुक्त जमातींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बोचतो. १८७१ च्या कायद्याने त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरविले आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. पुढे अवघ्या नऊ वर्षांवरच्या दिनांकापूर्वी कुटुंब कोठे स्थायिक होते, हे पालावर राहणाऱ्या माणसाने कागदाने सिद्ध करावयाचे असते.

येथे शिक्षकाच्या लेखणीचे महत्त्व कळते. पहिलीत नाव घालताना जातीच्या रकान्यात केवळ ‘हिंदू’ लिहिले, पोटजात तेवढी लिहिली, किंवा एका भावाची नोंद एक आणि दुसऱ्याची दुसरी झाली, तर त्या क्षणी कोणाचे काही बिघडत नाही. बारावीनंतर प्रवेशाच्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र मागितले जाते, तेव्हा बारा वर्षांपूर्वीची ती एक ओळ आडवी येते. रजिस्टरातील नोंदीत मागाहून फेरबदल करणे सोपे नाही आणि ते सोपे असूही नये. म्हणूनच पहिली नोंद पालकांना विचारून, असतील ते कागद पाहून व अनुसूचीतील नावाशी ताडून केली पाहिजे. शाळेतील व ग्रामपंचायतीतील जुनी रजिस्टरे वाळवीपासून व पावसापासून जपणे, हे या दृष्टीने समाजकल्याणाचेच काम आहे.

जागेपर्यंत पोचणारा हात

शेवटी, राखीव जागा भरण्यासाठी त्या जागेपर्यंत पोचलेला विद्यार्थी असावा लागतो. ऊसतोडणीसाठी आईवडिलांबरोबर कार्तिकात गाव सोडणारे मूल, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी पाचवीनंतर घरी बसविलेली मुलगी, आश्रमशाळेतून दिवाळीच्या सुटीस गेलेला आणि न परतलेला मुलगा, यांच्यासाठी पदवीची राखीव जागा केवळ कागदावर असते. त्यांच्या वयाला योग्य अशी मदत हंगामी वसतिगृहाच्या, वेळेवर मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या आणि घरी चौकशीस येणाऱ्या शिक्षकाच्या रूपाने यावी लागते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासूनची आहे. तिचा हप्ता वर्ष संपताना हाती आला, तर खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे विद्यार्थ्याने कोठून द्यावेत, याचा विचार कार्यालयातील प्रत्येक टेबलावर व्हावयास हवा.

राखीव जागा किती असाव्यात, कोणाला असाव्यात व केव्हा संपाव्यात, या विषयी लोकशाहीत मतभेद राहणारच, आणि त्यांचा निर्णय संसद, विधिमंडळ व न्यायालये करतील. पंचायतीच्या मासिक सभेत मात्र काही प्रश्न आजही विचारता येतात. गावातील किती मुले शाळेबाहेर आहेत आणि ती कोणत्या वस्तीतील आहेत? किती कुटुंबांपाशी जातीचा दाखला नाही? शाळेची जुनी रजिस्टरे कोठे व कोणत्या स्थितीत आहेत? कार्यालयप्रमुखांनाही विचारता येते की, बिंदुनामावली शेवटची केव्हा तपासली गेली, आणि अनुशेषाच्या किती जागा शिल्लक आहेत? या प्रश्नांची उत्तरे दर तीन महिन्यांनी लेखी मागितली जावीत. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. करवीर संस्थानात १९०२ साली तीच पद्धत घालून दिली होती.